दोन पंप ग्रीस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आकाशवाणीवर बोलावलं की घरच्यांना आणि मित्रांना वाटतं, आता दोन-चार कविता ऐकाव्या लागणार. या वेळी मी ग्रीसवर बोलायचं ठरवून आलो आहे. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "ग्रीस म्हणजे सॉक्रेटिसचा देश ना?" मी म्हटलं, "नाही हो, डब्यातलं."

कविता लिहितो हे खरं, पण पोट भरतं ते टेंभुर्णीतल्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानावर. मराठी घेऊन बी.ए. झालो, एक-दोन ठिकाणी अर्ज केले, आणि मग अब्बांच्या गॅरेजला लागून असलेल्या गाळ्यात काउंटर टाकून बसलो. तीसेक वर्षं झाली. या तीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "चांगल्यातलं ग्रीस द्या ओ." मी विचारतो, "कशाला पाहिजे?" गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की याला दुकान कुणी काढून दिलं! "कशाला म्हंजी? लावायला!"

सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर घेताना हाच माणूस चार शोरूम फिरतो. कुणाची लिफ्ट किती उचलते, कुणाला डिझेल किती लागतं, सगळं तोंडपाठ असतं. ग्रीस मात्र रंग बघून नेतो. लाल द्या, निळं द्या, मागच्या वेळी पिवळं होतं तेच द्या. तर श्रोतेहो, पहिली गोष्ट हीच सांगतो. ग्रीसचा रंग म्हणजे कंपनीनं टाकलेला रंग. एका कंपनीचं निळं आणि दुसऱ्या कंपनीचं निळं यांचं नातं लागेलच असं नाही. मॉलीचं ग्रीस काळपट-करडं दिसतं ते त्यातल्या पावडरीमुळं, तेवढा एक अपवाद सोडा. बाकी रंगावर जाऊ नका.

माझे आजोबा भाड्याची बैलगाडी हाकायचे. कुर्डुवाडी स्टेशनातला माल आसपासच्या गावांना पोचवायचे. त्यांच्या गाडीखाली बांबूचं एक नळकांडं लटकलेलं असे. त्यात एरंडेल आणि तेलात भिजलेली चिंध्यांची बोळी. चाक करकरायला लागलं की गाडी थांबवायची, खीळ काढायची, चाक जरा बाहेर ओढायचं आणि आसाला ते वंगण चोपडायचं. रात्रीच्या प्रवासात चाकाचा आवाज ऐकून, कुठल्या बाजूचं कोरडं पडलंय, हे ते झोपेतून उठून सांगत. पण तेलाचा एक दोष असतो, ते राहत नाही. चार कोसांवर पुन्हा कोरडं. वाहून जातं, मातीला पाजलं जातं.

ग्रीस निघालं ते याच अडचणीतून. काम करतं ते तेलच, पण त्याला जागेवर धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. स्पंजात पाणी राहावं तसं ग्रीसमध्ये तेल राहतं. बेअरिंग फिरलं, दाब आला, ऊब आली की थोडं तेल सुटतं आणि छर्ऱ्यांना मिळतं. डब्यातल्या मालात सत्तर टक्क्यांहून जास्त, कधी नव्वद टक्क्यांपर्यंत, तेलच असतं. उरलेला भाग तेल धरणाऱ्या पदार्थाचा आणि वरून घातलेल्या औषधांचा. आणि हा धरणारा पदार्थ, म्हणजे स्पंज, बहुतेक वेळा साबण असतो. हो, साबणच. चरबी किंवा तेलातलं आम्ल आणि अल्कली एकत्र शिजवून केलेला.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा हसू आलं. कारण आमच्या घरात ग्रीस आणि साबण यांचं रोजचं भांडण होतं. अब्बा पाच वेळचे नमाजी. वजू करताना हाताच्या कातडीला पाणी लागलं पाहिजे. नखांत, बोटांच्या घड्यांत ग्रीसचा थर असेल तर पाणी वरच्या वर निघून जातं. त्यामुळं दुपारची अजान झाली की अब्बा आधी रॉकेलनं, मग राखेनं, मग धुण्याच्या सोड्यानं हात घासत बसायचे. सगळं आयुष्य ते साबणानं साबणच धूत होते म्हणायचं.

आता या साबणावरच ग्रीसची जात ठरते. चुन्यापासून केलेला कॅल्शियमचा साबण असेल तर ते ग्रीस पाण्याला दाद देत नाही आणि स्वस्तही पडतं. पण साधं कॅल्शियम ग्रीस तापलं की संपलं. शंभर अंशांच्या आसपास त्याची बांधणीच सुटते आणि ते गळून जातं. साठाच्या वर फार वेळ काम द्यायचं तर नकोच. सोड्याचं, म्हणजे सोडियमचं ग्रीस उलट. उष्णता सोसतं, पण पाणी लागलं की विरघळतं. चिखलात, पाटाच्या पाण्यात चालणाऱ्या अवजाराला ते काय कामाचं? लिथियमचं ग्रीस या दोन्हींच्या मधलं आणि दोन्हींपेक्षा बरं. १८० अंशांच्या पुढं गेल्याशिवाय त्याचा थेंब सुटत नाही. अर्थात, रोजच्या कामाची मर्यादा त्याच्या बरीच खाली, एकशेवीस-तीसपर्यंत धरायची. पाण्यालाही ते बऱ्यापैकी टिकतं. क्लॅरेन्स अर्ल नावाच्या अमेरिकन माणसानं १९४२ साली या ग्रीसची पेटंट घेतली, आणि आज आपल्या दुकानांत 'एपी' म्हणजे ऑल पर्पज किंवा 'एमपी' म्हणजे मल्टिपर्पज लिहिलेले जे डबे दिसतात ते बहुतेक याच घराण्यातले.

आणि गंमत पुढंच आहे. या लिथियमच्या साबणाला जे आम्ल लागतं ते प्रामुख्यानं एरंडेलापासून करतात. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून, घट्ट करून. एरंडीच्या उत्पादनात जगात आपला देश पहिला, आणि देशात गुजरात. म्हणजे आजोबांच्या नळकांड्यातलं एरंडेल जगभर फिरून, लिथियमशी सोयरीक करून, माझ्या काउंटरवर डब्यातून परत आलं आहे. मराठीत कंटाळवाण्या बोलण्याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात, म्हणून हा विषय इथंच थांबवतो. फक्त एक सांगतो. मोबाइलच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही हेच लिथियम लागतं. २०२१-२२ मध्ये त्याचे भाव भडकले तेव्हा ग्रीसही महागलं. गिऱ्हाईक मला म्हणायचं, "भाई, तुम्ही पण?" मी काय सांगणार!

डब्यावर नावाशेजारी जो आकडा असतो, एपी-३, एमपी-२, तो दर्जाचा नसतो. तीन म्हणजे दोनपेक्षा भारी असं समजून लोक तीन नंबर नेतात. आकडा फक्त घट्टपणाचा. पंचवीस अंश तापमानाला ग्रीस साठ वेळा घुसळतात, मग त्यावर ठरावीक वजनाचा शंकू सोडतात आणि पाच सेकंदांत तो किती मिलिमीटर आत गेला ते मोजतात. दोन नंबरच्या ग्रीसमध्ये तो साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर जातो, तीन नंबरमध्ये बावीस ते पंचवीस. शून्य, दोन शून्य, तीन शून्य हे आकडे त्याहून पातळ मालाचे. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन शून्य म्हणजे ताक घुसळताना वर येणारं पातळ लोणी, दोन नंबर म्हणजे श्रीखंड आणि तीन नंबर म्हणजे चक्का. ग्रीसगनमधून निपलात जायला श्रीखंड बरं. थंडीच्या सकाळी चक्का गनमध्ये अडकतो. चाकाच्या हबमध्ये हातानं भरायला तीन नंबर चालतो, आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर बराच. पण ट्रॅक्टरबरोबर कंपनीचं जे पुस्तक मिळतं ते उघडून बघा. त्यात कुठल्या जागेला काय आणि किती तासांनी, सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आरसी बुकाशेजारी, कोऱ्या नोटेसारखं जपून ठेवलेलं असतं.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. कालव्यांनी पाणी आलं आणि आमच्याकडच्या जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. उसाबरोबर ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, आणि अब्बांच्या हाताला दिवसरात्र काम आलं. १९८८ च्या जानेवारीत मी बारावीला होतो. गळीत हंगाम ऐन भरात. एका बागायतदाराची ट्रॉली चारीच्या पाण्यात रात्रभर रुतून बसली होती, म्हणून ती गॅरेजला आली. अब्बा दुसरीकडे रानात ट्रॅक्टर बंद पडला म्हणून निघाले होते. जाताना मला सांगून गेले, "दोन्ही चाकं खोल. चारही बेअरिंग डिझेलनं धू, वाळव, नवं ग्रीस भर, मगच बसव."

त्या संध्याकाळी पंढरपूरला कविसंमेलन होतं. पत्रिकेत माझं नाव पहिल्यांदा छापलेलं होतं, सगळ्यात शेवटी, पण होतं. साडेपाचची एसटी.

पहिलं चाक मी सांगितल्याप्रमाणं केलं. दुसऱ्याचं बाहेरचं बेअरिंग धुतलं. आतलं बेअरिंग ऑइल सीलच्या मागं असतं. ते काढायचं तर सील उचकटावं लागतं, आणि उचकटलेलं सील पुन्हा बसत नाही, नवं आणावं लागतं. घड्याळात पाच वाजत आले होते. मी आतल्या बेअरिंगवर बोटानं नवं ग्रीस दाबलं. वरून लोण्यासारखं पांढुरकं, स्वच्छ दिसत होतं. चाक चढवलं, नट आवळला, हात रॉकेलनं पुसले आणि नाक्यावर पळालो. कविता बरी झाली. दोन जणांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास, साखर कारखान्याच्या वळणावर, भरल्या ट्रॉलीचं ते चाक धरलं. हब जाम झाला, आसाचं टोक तुटलं, चाक सुटून गेलं आणि ट्रॉली कलंडली. ट्रॅक्टरवर चालकाशेजारी बसलेल्या क्लीनरनं उडी मारली, पण ऊस त्याच्या पायावर आला. पाय दोन ठिकाणी मोडला. सोलापूरला दवाखान्यात दीड महिना. त्यांचं नाव सांगत नाही. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. तेव्हा ते पंचविशीचे होते. आजही एका पायानं लंगडतात.

सकाळी अब्बा तुटका हब पोत्यात घालून घेऊन आले. आतलं बेअरिंग बाहेर काढलं. रोलर निळे पडले होते. पोलाद फार तापलं की निळं पडतं. अब्बांनी मला विचारलं, "अंदर का धोया था ना?"

मी म्हटलं, "हां."

सीलच्या मागच्या खाचेत जळायचं राहिलेलं थोडं जुनं ग्रीस होतं. अब्बांनी ते अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळलं. त्यात चारीतली बारीक वाळू होती, ती मला दोन हातांवरून ऐकू आली. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ठीक है." त्यावर एक शब्द नाही. दवाखान्याचे निम्मे पैसे त्यांनी दिले. अम्मीच्या हातातल्या पाटल्या त्या महिन्यात दिसेनाशा झाल्या. मी विचारलं नाही.

ते निळं बेअरिंग आजही माझ्या गल्ल्यावर आहे. लोकांना वाटतं पेपरवेट आहे. आणि तात्या तीस वर्षं माझ्याच दुकानातून ग्रीस नेतात. आता त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. मी त्यांना कधी काही बोललो नव्हतो. गेल्या वर्षी रमजान ईदला ते शिरखुर्म्याला घरी आले, आणि मी एकदाचं सांगितलं. वाटीतला चमचा थांबला नाही. म्हणाले, "मला दवाखान्यातच कळलंय की. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेले, माझ्या पोरानं आतलं धुतलं न्हवतं म्हणून."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय? ग्रीस नेताना दर खेपंला विचारतोय की तुला, 'धुवून भरायचं का रं?' म्हणून."

खरंच विचारायचे. मला ती चौकशी वाटायची.

तर श्रोतेहो, धुवून भरायचं. ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग दर हंगामाआधी खोलावं, आणि चाक पाण्यात बुडालं असेल तर हंगामाची वाट बघू नये. डिझेलनं किंवा रॉकेलनं धुवावं, पूर्ण वाळवावं. हवेच्या पाइपनं बेअरिंग गरगर फिरवत बसू नये. कोरडं फिरलं तर छर्रे आणि रोलर चरे घेतात. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्यावर दाबत, ओढत राहायचं, अरुंद बाजूनं रोलरांच्या फटींतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. वरून चोपडलेलं ग्रीस म्हणजे भाकरीला वरून लावलेलं तूप, पीठ आत कोरडंच. हबच्या पोकळीत मात्र गच्च भरायचं नाही, तिसरा हिस्सा ते फार तर निम्मं. सील नवं घालायचं. आणि नट आवळून झाल्यावर थोडा मागं घ्यायचा. चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे, पण हलवून बघितलं तर डुलता कामा नये.

गच्च का भरायचं नाही? लोकांना वाटतं, जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी. आपल्याकडं पाहुण्याला आग्रह करून वाढायची रीत आहे, बेअरिंगला ती चालत नाही. पोकळी भरलेली असली की रोलर ग्रीस घुसळत राहतात आणि घुसळण्यानंच बेअरिंग तापतं. वर गनचा दाब सील फोडून टाकतो, आणि फुटल्या सीलमधून धूळ आत येते. विहिरीवरच्या मोटारींची बेअरिंगं अशी प्रेमानं मेलेली मी खूप पाहिली. म्हणून सीलबंद जागेला दोन पंप, बस्स. पण पिना, बुश, ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाची मधली पिन, किंगपिन, लिफ्टच्या दांड्या, ट्रॉलीचा हुक, या उघड्या, मातीतल्या जागा. तिथं उलटा नियम. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. बाहेर आलेलं ग्रीस माती घेऊन येतं, ते पुसून टाकायचं. अशा जड दाबाच्या, सावकाश हलणाऱ्या जागांना 'ईपी' अक्षरं असलेलं किंवा मॉलीचं ग्रीस चांगलं. तेच मॉली वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगला घालू नये.

गन लावण्याआधी निपल फडक्यानं पुसा. न पुसता गन लावली तर निपलावरची माती आपणच दाबानं आत पाठवतो. काळ्या रानातली धूळ पिठासारखी बारीक असते, ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिशचा लगदा तयार होतो आणि पिना झिजवतो. निपल बंद झालं असेल तर काढून डिझेलमध्ये टाका, नाही उघडलं तर नवं बसवा. चहाच्या पैशात मिळतं. आणि ग्रीस सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर मारा. जागा उबदार असते, ग्रीस आत सरकतं आणि दिवसभरात घुसलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. ट्रॅक्टर धुतला की त्यानंतरही मारा.

रोटाव्हेटरबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण इथं बेअरिंग नव्हे, माणसं जातात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, त्यांना काम चालू असताना रोज ग्रीस लागतं, आणि चारही टोकांच्या सीलमधून थोडं दिसेपर्यंत लागतं. एकाच टोकातून आलं आणि तीन कोरडी राहिली तर क्रॉस लवकरच तुटणार. शाफ्टची एकात एक सरकणारी नळी विसरू नका. ती कोरडी राहिली की वळणावर शाफ्ट अडतो आणि धक्का गिअरबॉक्सला बसतो. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला मात्र बहुतेक ठिकाणी ग्रीस नसतं, गिअर ऑइल असतं. गळतंय म्हणून त्यात ग्रीस कोंबणारे बहाद्दर मी पाहिलेत. गळत असेल तर सील बदला.

पण हे सगळं ट्रॅक्टर बंद करून. पीटीओ नुसता काढून नव्हे, इंजिन बंद, किल्ली खिशात. "फिरतानाच ग्रीस नीट बसतं" हे कुणीतरी पसरवलेलं खूळ आहे. सेकंदाला नऊ फेऱ्यांत सदऱ्याची बाही, उपरण्याचं टोक, मळणीच्या वेळी पदर, काही सुटत नाही. ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर निपल सापडत नाही म्हणून काढून टाकतात आणि मग ते गोठ्यात पडून राहतं. ते परत बसवा. आणि दुसरं, हातानं दाबायच्या ग्रीसगनमध्येही चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब तयार होतो. पाइपला भोक पडलं असेल आणि ते तुम्ही बोटानं दाबून धरलंत, तर ग्रीस कातडी भेदून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पहिल्यांदा दुखतही नाही. पण आत ते पसरत जातं आणि बोट जाऊ शकतं. हळद लावून बसू नका. त्याच तासाला सर्जनकडे जा आणि ग्रीस आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

एक प्रश्न नेहमी येतो, जुन्यावर दुसरं ग्रीस चालेल का? लिथियम आणि कॅल्शियम बहुधा जमवून घेतात. पण मातीचं, म्हणजे बेंटोनाइटचं ग्रीस, किंवा पॉलियुरियाचं, हे लिथियममध्ये मिसळलं तर दोघांचीही बांधणी सुटू शकते. पातळ होऊन वाहून जातं नाहीतर दगड होतं. म्हणून बदलायचं असेल तर, पुन्हा तेच, धुवून. सुट्ट्या बॅरलमधलं, उघड्या तोंडाचं, कुणाचं नाव नसलेलं ग्रीस घेऊ नका. माझ्याकडूनही नको. डब्यात वर थोडं तेल सुटलेलं दिसलं तर मात्र घाबरू नका, आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते सुटतंच; ढवळून घ्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जूं ओढून आंबलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे. लहानपणी मी शेजारच्या वाड्यात ते बघायला जायचो. म्हातारा मालक बोटांनी गाठ शोधायचा आणि तिथंच थांबायचा. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले. खंडेनवमीला आमच्या गॅरेजसमोर रांग लागते. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. अब्बांच्या पान्यांनाही लोक कुंकू लावून जायचे आणि अब्बा ते आठवडाभर पुसायचे नाहीत. पण हार घालून झाला की ते फडकं घेऊन खाली वाकायचे आणि पुढच्या आसाचं निपल पुसायचे. दहांतली सात कोरडी असायची.

अब्बा आता ऐंशी पार आहेत. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तरी फारसं दिसत नाही. दुपारी दुकानात येऊन खुर्चीत बसतात. परवा कुणीतरी सुट्टं ग्रीस मागितलं म्हणून त्यांनी जुना डबा पुढं ओढला, दोन बोटांत चिमूटभर घेतलं, चोळलं आणि म्हणाले, "माती आहे यात. रात्री झाकण कुणी लावलं नाही?"

या वेळी मी सांगितलं. म्हटलं, "मी."

"ठीक है," म्हणाले, आणि डबा बाजूला ठेवायला लावला.